ठाण्याच्या कालवांची चव

रविवार, 9 फेब्रुवारी 2025, डोंबिवली
सकाळी सिएटलहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. तिथे शनिवारची संध्याकाळ. समोर बर्फावर मांडलेली सहा कालवं, ‘शिगोकू’ नावाची. जात पॅसिफिकच, मूळची जपानची. वाढवायची रीत तेवढी निराळी. कोवळी कालवं जाळीच्या पिशव्यांत भरतात आणि पिशव्यांना तरंगे बांधतात. भरतीला पिशवी उचलली जाते, ओहोटीला लोंबते, आतली कालवं रोज घुसळून निघतात. कवचाची नवी कड झडत राहते. मग शिंपला लांब न वाढता वाटीसारखा खोल होतो आणि गर भरीव.
त्याने लिंबू पिळून एक कच्चंच तोंडात टाकलं. “आधी खारट, मग काकडीसारखं. मामा, आपल्या ठाण्याच्या कालवांची चव कशी असते?”
“सांगतो,” म्हणालो.

शुक्रवार, 14 फेब्रुवारी
ऑफिस सुटल्यावर ठाण्यात बाजारात उतरलो. मावशी कालवं फोडत होत्या. लोखंडी टोक सांध्यात, मनगटाचा एक हिसका, झाकण बाजूला. गर पातेल्यात, शिंपला गोणपाटावर. बोलताना नजर माझ्याकडे, हात आपला चालूच.
“इथल्या खाडीची का?”
“इथली सासूबाई फोडायच्या. ही वसईकडची.”
“कच्ची खातात म्हणे तिकडे परदेशात.”
“का? त्यांच्या घरी वाटण नाय?”
रात्री आईने कवचाची कच बोटांनी चाचपून काढली. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, आगरी मसाला, दोन आमसुलं. कालवं अगदी शेवटी. जास्त शिजली की रबर. दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

रविवार, 16 फेब्रुवारी
सिंधुदुर्गातल्या खाड्यांत बचत गटांच्या बायका कालवं पिकवतात. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं पाठबळ आहे. बांबूचा मांडव, त्याला टांगलेल्या दोऱ्या, दोऱ्यांत ओवलेले रिकामे शिंपले. कालवाची पिल्लं दोन-तीन आठवडे पाण्यात भटकतात, मग अशा शिंपल्याला जन्माची चिकटतात. त्यांना दाणापाणी घालावं लागत नाही. पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ ती खातात. म्हणजे चव पाण्याचीच: मीठ किती, नदीचं गोडं पाणी किती. भाच्याकडच्या थंड पाण्यात हिवाळ्यात ग्लायकोजेन साठतं, तेव्हा कालव गोडसर लागतं. अंडी धरली की दुधाळ, मऊ होतं. तिकडे हॉटेलात कालवं उपसागराच्या नावाने मागवतात, आपण देवगडचा हापूस मागतो तशी.

गुरुवार, 27 फेब्रुवारी, अमावस्या
संध्याकाळच्या ओहोटीला ऐरोलीत, ठाणे खाडीच्या काठी. चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. या खाडीला 2022 मध्ये पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ दर्जा मिळाला. पुलाच्या खांबांवर कालवांचा खरबरीत, पांढुरका पट्टा उघडा पडला होता. शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी दोन्ही वर्षानुवर्षं याच खाडीत येत आलं. कालव स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवलं तर पोटातले जंतू बरेच निघून जातात. मांसात मुरलेले जड धातू इतक्यात निघत नाहीत. एकदा चिकटलेल्या कालवाला उठून दुसरीकडे जाता येत नाही. येईल ते पाणी गाळायचं.
घरी परतताना भाच्याला लिहिलं: “वाटणाची चव सांगू शकतो. खाडीची विचारत असशील, तर ती मावशींच्या सासूबाईंना ठाऊक होती.”