लेकींचा बाप

मला तीन मुली. आमच्या बिदर-कलबुर्गी भागात हे सांगितले की समोरचा क्षणभर थांबतो आणि हळूच विचारतो, "आणि मुलगा, सर?" मला तेव्हा अनंतशास्त्री डोंगरे आठवतात.

कर्नाटकातच राहिलेल्या या मराठी शास्त्रीबुवांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्या माउलीने पहाटे उठवून धाकट्या रमाला. थोरलीच्या बालविवाहाचा चटका बसला होता, म्हणून रमाचे लग्न लहानपणी लावायचे नाही, असे त्यांनी ठरवले. १८७४ साली दुष्काळात ते गेले, तेव्हा मागे ना घर, ना जमीन. चारच वर्षांनी, १८७८ मध्ये, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्याच मुलीला 'पंडिता' म्हटले. पुढे याच रमाबाईंनी आपल्या गुलबर्ग्यात शाळा काढली. ती लेक मनोरमाबाईंनी सांभाळली.

दहावीनंतर "पोरीला आता पुरे" म्हणणारा बापही मायाळूच असतो. पाठवणीला तो ढसाढसा रडतो, ऐपतीबाहेर सोने घालतो. पण लोकांचे बोल लेकीसाठी आपल्या अंगावर घेणे त्याला जड जाते.

"पी.यू.सी.ला घालू का हिला?" असे विचारत कुणी शाळेत आला, की मी त्याला बसवतो, चहा मागवतो आणि शास्त्रीबुवांची गोष्ट सांगतो, कधी मराठीतून, कधी कन्नडमधून.