फोर्कातले तेल आणि हाताची सवय

मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कातील तेल घरी बदलणे हा साहित्यविचारात शोभणारा विषय नव्हे, असे कोणास वाटल्यास आमची तक्रार नाही. परंतु या कामाच्या तळाशी एक प्रश्न आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकालाही सुटलेला नाही. जी गोष्ट रोज थोडीथोडी बिघडते, तिचा बिघाड रोज तीच वापरणाऱ्याला कळावा कसा?

आरंभी शब्दाचा घोटाळा निस्तरला पाहिजे. यंत्रात तेल घालायचे म्हटले की आपल्या मनात वंगण हाच अर्थ येतो. तेलाने घर्षण कमी व्हावे, गोष्टी सुळसुळीत चालाव्यात, अशी आपली अपेक्षा असते. फोर्कातले तेल हेही काम करते, पण ते त्याचे दुय्यम काम होय. त्याचे मुख्य काम अडवण्याचे आहे. चाक खड्ड्यात गेले की फोर्कातील स्प्रिंग दबते आणि धक्का झेलते. परंतु स्प्रिंगचा स्वभाव असा की घेतलेले बहुतेक सगळे ती परत करते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालवली तर एका खड्ड्याचे उत्तर ती पाचसहा उड्यांनी देईल. तेल मधे येते ते येथे. फोर्क दबताना व उघडताना हे तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, त्याला त्रास होतो आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. विज्ञानाच्या मराठीत याला अवमंदन म्हणतात. गॅरेजात या क्रियेला नाव नाही. तिच्या अभावाला मात्र आहे: ‘शॉकअप बसले’. हायड्रॉलिक अवमंदन असलेला टेलिस्कोपिक फोर्क बी. एम. डब्ल्यू.ने १९३५ मध्ये आपल्या आर १२ या गाडीवर आणला. आज आपल्याकडील बहुतेक साध्या मोटारसायकली त्याच तत्त्वावर चालतात.

नाव चुकले की वापरही चुकतो. हे तेल वंगणच, असे एकदा ठरले की डब्यात उरलेले इंजिन ऑइल ओतून काम भागवले जाते. वास्तविक येथे सारे काही तेलाच्या दाटपणावर, म्हणजे श्यानतेवर, अवलंबून आहे. पातळ तेल छिद्रांतून फार सहज निसटते. दाट तेल चाकाला खड्ड्यातून वेळेवर वर येऊ देत नाही. त्यातही दोन कंपन्यांच्या बाटल्यांवर ‘१० डब्ल्यू’ हीच अक्षरे असली तरी आतील तेलांची श्यानता सारखी असेलच असे नाही. म्हणून जाणकार मनुष्य ती अक्षरे सोडून ४० अंश सेल्सिअसला मोजलेला सेंटिस्टोक्सचा आकडा पाहतो. एकाच संज्ञेखाली भिन्न आशय खपतो हा अनुभव समीक्षेच्या वाचकास नवा नसावा.

प्रत्यक्ष काम दोनतीन तासांचे आहे. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावावा आणि पुढचे चाक अधांतरी करावे. नळीच्या माथ्यावरील टोपण नळी क्लॅम्पमध्ये पकडलेली असतानाच किंचित सैल करून ठेवावे; नळी सुटी झाल्यावर ते हातात धरून फिरवणे जिकिरीचे होते. मग चाक आणि मडगार्ड काढावे. डिस्कब्रेक असल्यास त्याचा कॅलिपर सुतळीने वर बांधावा, त्याच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये. आमच्या गाडीच्या फोर्काला तळाशी निचऱ्याचा स्क्रू नाही, तेव्हा दोन्ही पाय खाली ओढून काढावे लागतात. टोपणाचे शेवटचे आटे सुटताना तळहाताने दाब ठेवावा, कारण खाली स्प्रिंग वाट पाहत असते. स्प्रिंगचे दाट वेटोळ्यांचे टोक वर होते की खाली, ते लिहून ठेवावे. नंतर पाय घमेल्यात उलटा धरून वरखाली करावा. करडे, पाण्यासारखे, कुबट वासाचे द्रव्य बाहेर येते. उजेडात धरले तर त्यात बुशांच्या झिजेचा बारीक धातू चमकतो.

नवे तेल मोजून घालावे लागते. फोर्काला इंजिनासारखी तेल तपासण्याची पट्टी नसते. आतील तेल किती उरले, कसे उरले, हे ते बाहेर काढल्यावाचून कळण्याचा मार्ग नाही. तेल ओतल्यावर फोर्क सावकाश वरखाली करून अडकलेली हवा सोडावी. मग स्प्रिंग बाहेर ठेवून, फोर्क पूर्ण दाबून, काठापासून तेलाच्या पातळीपर्यंतचे अंतर हस्तपुस्तिकेबरहुकूम मोजावे, आणि ते दोन्ही पायांत सारखे करावे. हे मिलिमीटर क्षुल्लक नव्हेत. तेलावरची बंदिस्त हवा ही दुसरी स्प्रिंगच आहे. तिचे आकारमान निम्मे झाले की दाब जवळपास दुप्पट होतो. तेल जास्त झाल्यास हवा कमी उरते आणि दबण्याच्या अखेरीस फोर्क ताठरतो. रिकामी जागाही मोजून ठेवायची असते.

यानंतर साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून उतरावे. उतारावर ब्रेक दाबताच भार पुढे येतो. जुने तेल असताना गाडीचे नाक झटकन खाली जाते, पुन्हा उसळते, आणि खडबडीत वळणावर चाक रस्ता क्षणभर सोडते. त्या क्षणापुरता ब्रेक असून नसल्यासारखा होतो. नवे तेल असता नाक सावकाश झुकते आणि चाक रस्त्याला धरून राहते. पहिल्या वळणावरच कळते की कालपर्यंत आपण गाडी चालवत नव्हतो, तिला सांभाळून घेत होतो. बिघाड तेलात होत होता आणि त्याची भरपाई मनगटे परस्पर करत होती. यालाच आपण ‘गाडी हातात बसली आहे’ असे मोठ्या कौतुकाने म्हणतो.

तीच कविता वीस वर्षे शिकवणाऱ्याची गत याहून निराळी नसते. तास सुरळीत होतो, वाक्ये आपोआप जिभेवर येतात, कोठे अडत नाही. आणि न अडणे हीच जाण असे वाटू लागते. वास्तविक चांगली ओळ अडवते. वाचकाच्या मनात उसळलेली भावना ती जशीच्या तशी परत फेकत नाही, बारीक छिद्रांतून जायला लावते. ती अडवेनाशी झाली तर ओळ झिजली की वाचणारा, याचा निवाडा त्याच सवयीच्या मनगटाने होणे शक्य नाही. त्याला बाहेरचे माप लागते: नव्या विद्यार्थ्याचा आडदांड प्रश्न, दुसरी आवृत्ती, किंवा टिपणे बाजूला ठेवून कोऱ्या पानापासून केलेले वाचन.

काढलेले तेल गटारात ओतू नये. गॅरेजातील जुन्या तेलाच्या पिंपात द्यावे. आणि वहीत तारीख व किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. पुढच्या खेपेस हात पुन्हा सांगेल की सर्व ठीक आहे. तेव्हा वही उघडावी.