अभिषिक्त

‘ख्रिस्त’ हे येशूचे आडनाव नव्हे, पदवी आहे. हिब्रू ‘मशीहा’चा तो ग्रीक अवतार, अर्थ, तेलाने अभिषेक झालेला. शमुवेलाने शौलाच्या आणि पुढे दावीदाच्या मस्तकी तेल ओतले, म्हणून ते राजे अभिषिक्त. यशयाच्या ग्रंथात तर परधर्मी इराणी सम्राट सायरसलाही हीच पदवी दिली आहे!

मग येशूला तेल कोणी लावले? धर्मपंडित सांगतात, यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला तेव्हा पवित्र आत्म्यानेच त्याला अभिषेक केला. असेल, पण माझे मन घुटमळते ते मार्काच्या शुभवर्तमानातल्या बेथानीच्या घरात. पंगत बसलेली असताना एक बाई येते, कुपी फोडते आणि जटामांसीचे सुगंधी तेल त्याच्या मस्तकावर ओतते. जटामांसी आपल्या हिमालयातली, दूरचा माल. किंमत ३०० दिनारांहून अधिक. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. एवढ्यात किती गरिबांचे भागले असते, अशी कुरकुर झाली. घरखर्चाची वही सांभाळणाऱ्या मला ती पटते. येशूने मात्र बाईचीच बाजू घेतली आणि त्या तेलाचा संबंध आपल्या दफनाशी जोडला. दोनच दिवसांवर वल्हांडण सण होता.

पुरोहित नाही, सिंहासन नाही. आणि त्या बाईचे नाव मार्काने लिहिलेलेच नाही.