किरकोळ फौजदारी

खुनाच्या आरोपात सापडलेला मनुष्य वकील शोधण्यासाठी जिल्हा पालथा घालतो, सोनेनाणे गहाण टाकतो. परंतु शिवीगाळ, चापट, बांधावरची झोंबाझोंबी अशा किरकोळ आरोपाचे समन्स ज्याच्या हाती पडते, तो न्यायालयाच्या आवारात शिरताच जो काळा कोट प्रथम दृष्टीस पडेल त्याच्या नावे वकीलपत्रावर सही करून निश्चिंत होतो. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या न्यायालयात ज्याची हयात गेली त्या माझ्यासारख्याची उपजीविका बव्हंशी या निष्काळजीपणावरच चालली, हे मी नाकारीत नाही. असा पक्षकार येतो, तो आपण दोषी की निर्दोष याची चर्चा करायला येत नाही, त्याचा प्रश्न एकच असतो, "दंड किती बसंल, साहेब?"

फौजदारी वकिलीतली अवघड जागा खुनाच्या खटल्यातली उलटतपासणी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या मते ती समन्स केसमधल्या एका प्रश्नापाशी आहे. न्यायाधीश आरोपाचा तपशील वाचून दाखवतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" पिंजऱ्यातला मनुष्य उत्तर न देता मान वळवून माझ्याकडे पाहतो. "कबूल" म्हटले की दंड भरून दुपारच्या एस.टी.ने घर गाठता येते; "कबूल नाही" म्हटले की तारीख, पुन्हा तारीख, साक्षीदार गैरहजर, पुन्हा तारीख. यांपैकी त्याच्या हिताचे काय, हे ज्या गोष्टीवर ठरते ती फिर्यादीत नसते, समन्सात नसते आणि पक्षकार ती आपण होऊन सांगत नाही, कारण खटल्याशी तिचा संबंध असेल असे त्याला वाटतच नाही. आधी हात कोणी उचलला, बांध किती कोरला, कोणाच्या आईचा उद्धार कोणी केला, हे तो तासभर रंगवून सांगेल. ही एक गोष्ट मात्र काढून घेण्यासाठी मी नाना युक्त्या केल्या: सोबतच्या नातलगांना बाहेर बसवले, चहा पाजला, गप्प बसून राहिलो, रागावलो. दर वेळी हाती आला तो बांधच.

गेल्या वर्षी माझ्याकडे उमेदवारी करणाऱ्या मुलीने ही गाठ सहज सोडवली. चुलत्याशी झालेल्या मारामारीतला एक तरुण समोर बसला होता. भारतीय न्याय संहितेचे कलम ११५(२) आणि ३५२, खाजगी फिर्याद. मी घटनेचा क्रम विचारीत होतो. तिने मध्येच विचारले, "दादा, पुढं काय करायचं ठरवलंय?" तो म्हणाला, "पोलीस भरतीची तयारी करतोय, मॅडम." मी लेखणी खाली ठेवली. घडलेल्या गोष्टीविषयी प्रश्न विचारण्यात उभी हयात घालवलेल्या मला, पुढे घडावयाच्या गोष्टीविषयी विचारणे सुचले नव्हते; पण त्या क्षणी मनाला जे झोंबले ते एवढेच की हा प्रश्न माझ्या मुखातून न निघता तिच्या मुखातून निघाला. संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी धड बोललो नाही.

त्या तरुणाने "कबूल" म्हणून दंड भरला असता, तर चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात दोषसिद्धी लिहावी लागली असती, आणि लिहिली नसती तर माहिती दडवल्याचा ठपका त्याहून जड. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात किरकोळ गुन्ह्याची माहिती दडवण्याकडे नियोक्त्याला दुर्लक्ष करता येईल असे म्हटले आहे खरे; परंतु दुर्लक्ष करणे नियोक्त्याच्या मर्जीवर. चुलत्याशी तडजोड करून तशी पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल केली की त्याचा परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच; नमुन्यात नोंद करावी लागते, पण ती सुटकेची. तसेच केले. न्यायालयात पाच मिनिटांत काम संपले, आणि चुलत्याची जी उलटतपासणी मी मनाशी रचून ठेवली होती ती तशीच राहिली. तडजोड होताना मला नेहमी किंचित वाईट वाटते. मी उलटतपासणीला उभा राहिलो की बाररूममधली मंडळी येऊन मागच्या बाकावर बसत, ही माझी हौस पक्षकाराच्या खर्चाने भागत असे.

आमच्या पेशातील इतरांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. लोकअदालतीच्या दिवशी आरोपींची रांग लावून घाऊक कबुल्या देवविणारे महाभाग मी पाहतो. दोषसिद्धी अटळच असेल तर निदान १९५८च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली समज देऊन सोडण्याची विनंती करावी, त्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता टळते, हे त्यांच्या गावीही नसते. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली, तिच्या कलम २७४ ला जोडलेल्या परंतुकाने समन्स केसमध्येही आरोप निराधार असल्यास आरोपीला तिथल्या तिथे मुक्त करण्याची वाट उघडली. पूर्वी ती नव्हती. पण ते परंतुक वाचण्यापेक्षा जुन्या दंडसंहितेतल्या ३२३चे ११५(२) झाले याची हळहळ करण्यात आमची बाररूम अधिक रमते. (ती हळहळ माझीही आहे, जुने आकडे तोंडातून आपसूक निघतात, आणि मुलगी हळूच दुरुस्त करते.) दुसरा वर्ग मोबाइलवर आपली कीर्ती गाणाऱ्यांचा. नावाची पाटीसुद्धा माफक आकाराची असावी, असा बार कौन्सिलचा नियम. निकालाच्या यशावर फी ठरवणेही निषिद्ध. तरी "सुटलात तरच पैसे द्या" असे म्हणणारा आणि "न्यायाधीश आपल्या ओळखीचे आहेत" असे कुजबुजणारा वकील प्रत्येक आवारात सापडतो. या दोघांपासून पक्षकाराने सारखेच दूर राहावे.

म्हणून वाचकांपैकी कोणाला असे समन्स आलेच, तर वकिलाकडे जाताना त्याने फिर्यादीची प्रत न्यावी, आणि नोकरी, भरती, पासपोर्ट, परवाना यांपैकी जे काही डोक्यात असेल ते, वकिलाने विचारो वा न विचारो, फीचा आकडा निघण्यापूर्वी सांगून टाकावे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा; स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता वकील विनामूल्य मिळतो.