ऐकून घेणारं माणूस

नैराश्य म्हटलं की आपण थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे बोट दाखवतो. पण २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य-चिंतेसारख्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. ही दरी नुसते डॉक्टर वाढवून बुजणार नाही. गावातलंच कुणीतरी तयार करायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. गोव्यात 'संगाथ' या स्वयंसेवी संस्थेने हे करून पाहिलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत संवाद साधला: सुटलेली कामं कोणती, आज त्यातलं एक कसं जमेल. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के आजारातून सावरलेले दिसले. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. नाशिक जिल्ह्यात राबवलेल्या 'आत्मीयता' या उपक्रमाच्या स्वयंसेवकांनी तर लोकांना पेन्शनसारख्या सरकारी योजनांपर्यंत पोहोचायलाही मदत केली, आणि मला हे फार मोलाचं वाटतं, कारण पैशाची ओढाताण नुसत्या धीराच्या शब्दांनी हटत नाही.

गावात गुपित राहील का, ही शंका रास्तच आहे. म्हणून गोपनीयतेचं प्रशिक्षण आणि अनुभवी माणसाची सततची देखरेख यांत तडजोड नको. आत्महत्येचे विचार किंवा भ्रम असतील तर रुग्णाला डॉक्टरकडेच न्यायला हवं. आणि ही माणसं सरकारी सेवेला पर्याय नव्हेत: २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवलाय, तेव्हा त्यांचं मानधनही सरकारनेच द्यावं.