आवरेना

मी जपानी शिकू लागलो तो नोकरीच्या गरजेपोटी. गुडगावच्या ज्या कारखान्यात मी काम करीत होतो, तेथे पुष्कळशी कागदपत्रे जपानीत येत आणि त्यांचा अर्थ मला दुसऱ्यांना विचारावा लागे. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा वही-पेन्सिल घेऊन वर्गात बसताना संकोच वाटला. पण पाच वर्षे नेटाने शिकत राहिलो. २०१० साली जपानी भाषेच्या प्रावीण्य-परीक्षेच्या श्रेणी चारांच्या पाच झाल्या. त्यांतील सर्वांत वरच्या, 'एन-१' श्रेणीची तयारी मी त्या हिवाळ्यात करीत होतो.

लाजपतनगरच्या जपान फाउंडेशनच्या ग्रंथालयात एके दिवशी 'ओ किंजिएनाई' हा प्रयोग समोर आला. 'किंजिरु' म्हणजे मनाई करणे आणि 'एनाई' म्हणजे न जमणे. इंग्रजी स्पष्टीकरण वाचूनही काही उमगेना. 'उमगेना' हा शब्द मनात आला मात्र, आणि एकदम वाट सापडली. 'नामिदा ओ किंजिएनाई' म्हणजे 'अश्रू आवरेनात'! 'एनाई' आणि 'एना' यांच्या ध्वनीतील साम्य हा निव्वळ योगायोग. पण मला तो फार उपयोगी पडला.

त्या आनंदाच्या भरात मी फसलोही. दिल्लीच्या धुरकट हवेने मला खोकला झाला होता. वर्ग चुकल्याबद्दल सेन्सेईंना, म्हणजे आमच्या जपानी शिक्षिकेला, पत्र लिहिताना मी ऐटीत लिहिले, 'सेकी ओ किंजिएनाई'. खोकला आवरेना. सेन्सेई हसल्या. म्हणाल्या, "खोकला ही भावना नव्हे. हा प्रयोग राग, करुणा, आश्चर्य अशा मनातून उसळणाऱ्या गोष्टींसाठी आहे, आणि तोही बहुधा स्वतःच्याच मनाविषयी. खोकला नुसता 'थांबत नाही'." मराठीत खोकला, झोप, हसू, रडू सारेच 'आवरत नाही'. जपानी भाषेने मात्र त्यांत निवड केलेली आहे. शिवाय हा प्रयोग लेखांतला, भाषणांतला. घरात कोणी असे बोलत नाही.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली. सेन्सेई मूळच्या सेंदाई शहराच्या. त्या दिल्लीतच होत्या, पण त्यांची थोरली बहीण गेल्याचे काही दिवसांनी कळले. वर्ग बंद होता. मी सांत्वनाचे पत्र लिहावयास बसलो आणि पहिल्याच ओळीत तो प्रयोग अचूक उतरला : 'शोक आवरत नाही.' या वेळी व्याकरणात चूक नव्हती. तरीही वाक्य पुन्हा वाचले, तेव्हा ते एखाद्या मंत्र्याच्या निवेदनासारखे वाटले. ज्या बाईंनी माझा खोकला हसून दुरुस्त केला, त्यांना हे कसे पाठवावे?

मी कागद बदलला. 'कोतोबा गा मित्सुकारिमासेन.' शब्द सापडत नाहीत. नवशिक्यालाही जमेल एवढे साधे वाक्य. खाली नाव लिहिले आणि संध्याकाळी ते पत्र त्यांच्या घरी नेऊन दिले.