आमच्या अंगणातील गारा

दरवर्षी इंग्रजीच्या तासाला हिमवर्षावाची एखादी कविता आली, की वर्गातील कोणी तरी चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, बर्फ पडतो म्हणजे नक्की काय होते? तो डोक्याला लागतो का?" प्रश्न रास्त आहे. ज्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही, त्या प्रांतातील मुलाने हिम पाहावे तरी कोठे? आपली हिमाची सारी कल्पना नाताळच्या भेटकार्डांवरून आणि डिसेंबरात उभारलेल्या गव्हाणीच्या देखाव्यावरून बनलेली असते. त्या देखाव्यातील छपरावर आपण जो शुभ्र बर्फ पसरतो, तो वस्तुतः आपल्याच शिवारातील कापूस होय. खानदेशचे हिम हे असे शेतात पिकते आणि बोंडाबोंडाने वेचून आणावे लागते.

तथापि खऱ्या हिमाचे धाकटे भावंड एकदा आमच्या अंगणात उतरले होते. त्या दिवशी माझे आईवडील आमच्या घरी पाहुणे होते. तो दिवस आनंदाचा म्हणावा की दुःखाचा, हे ठरविण्यास मला बराच काळ लागला. म्हणून ती हकीकत आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहे.

गोष्ट २०१४ सालच्या मार्च महिन्यातील. आमचे बिऱ्हाड तेव्हा धुळ्यास होते. वडील साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूस, थोडीशी शेती करून राहत. पांझरेच्या खोऱ्यात जुन्या काळापासून फड पद्धतीने पाणी वाटून घेण्याची चाल आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने सर्वांच्या शेतांस पाळीपाळीने मिळते आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे असते. अशा पाण्यावर वाढलेला आमचा गहू त्या वर्षी फार चांगला आला होता. मातोश्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. एका डोळ्याची शस्त्रक्रिया करविण्यासाठी वडील तिला घेऊन धुळ्यास आले. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. गुरुवारी वडिलांनी आपली पिशवी भरली. शुक्रवारी कापणीस मजूर सांगून ठेवले होते.

येथे माझी चूक झाली. रविवारी मंडळीत माझ्या नऊ वर्षांच्या कन्येचे गाणे व्हावयाचे होते. मी म्हणालो, "आबा, आयुष्यभर शेतच पाहिलेत, दोन दिवस नातवंडांना द्या. गहू काही पळून जात नाही." वडील क्षणभर थांबले, मग पिशवी पुन्हा खुंटीस लावून ठेवली. माझा शब्द मोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

शनिवारी दुपारपासून हवा कुंद झाली होती. चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळेकुट्ट आभाळ चढले, धुळीचे लोट उठले आणि ओसरीच्या पत्र्यावर एकदम ताशा वाजावा तसा आवाज सुरू झाला. प्रथम वाटले, कोणी खडे मारीत आहे. पाहतो तो गारा! हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, मग बोराएवढ्या, आणि अखेर काही तर लिंबाएवढ्या. कडुनिंबाची कोवळी पालवी सडासडा खाली येऊ लागली. दहापंधरा मिनिटांत अंगण पांढरे झाले. तुळशीच्या कुंड्या, न्हाणीचा दगड, उलटी घातलेली बादली, सारे त्या शुभ्र थराखाली झाकून गेले.

मुलांच्या आनंदास पारावार राहिला नाही. गारांचा जोर ओसरताच दोघेही पातेली घेऊन बाहेर धावली. कन्येने ओढणीत गारा भरल्या; सहा वर्षांच्या चिरंजीवांनी त्या तोंडात भरल्या. मातोश्री काळा चष्मा लावून ओसरीवर बसली होती. डॉक्टरांनी तिला बाहेर जाण्याची मनाई केली होती. तिने चष्मा किंचित वर केला आणि बऱ्या झालेल्या डोळ्याने अंगणाकडे पाहून लहान मुलीसारखी ओरडली, "आंगनमा कापूस फुटना!" कैक महिन्यांनंतर तिला पांढरा रंग पांढरा दिसत होता. तिच्या चेहऱ्यावरील तो उजेड मी कधीही विसरणार नाही.

मीही मुलांत मूल झालो. एक टपोरी गार उचलून वडिलांकडे गेलो. ते दाराच्या चौकटीस हात लावून उभे होते. ती गार त्यांच्या तळहातावर ठेवून मी मोठ्या विनोदाने म्हणालो, "आबा, पाहा, आपल्या खानदेशात काश्मीर उतरले!"

त्यांनी मूठ मिटली. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकू लागले. ते पश्चिमेकडेच पाहत होते. गार पुरती विरघळली तेव्हा मूठ उघडून ते एवढेच म्हणाले, "गहू गया."

माझ्या अंगावर काटा आला तो थंडीचा नव्हे. शेतकऱ्याच्या घरात जन्मून, त्याच शेताच्या उत्पन्नावर पदवी घेऊन, मी आभाळाकडे पाहावयाचे विसरलो होतो! मी अंगण पाहिले. त्यांनी त्याच गारांत पंचवीस कोसांवरचे शेत पाहिले. मातोश्रीने आमच्या दोघांकडे पाहिले, चष्मा पुन्हा खाली ओढला आणि मी मुलांना रागे भरणार असे दिसताच हळूच म्हणाली, "पोरे शेतस, खेयू दे त्यासले."

संध्याकाळी गावाकडून दूरध्वनी आला. वडिलांचा तर्क खरा ठरला होता.

रविवारी गाणे आटोपताच आम्ही दोघे एस. टी.ने निघालो. साक्रीच्या पुढे जे दृश्य दिसले ते सांगवत नाही. उभा गहू कोणी वरवंटा फिरवावा तसा आडवा झाला होता. ओंब्या तुटून चिखलात रुतल्या होत्या. हरभऱ्याचे घाटे फुटले होते, कांद्याची पात चिरडली होती. बांधावरील बाभळीखाली मेलेले पोपट पडले होते. वडील बांधावर उकिडवे बसले. चिखलातून एक ओंबी उचलून त्यांनी ती तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि उरलेले दाणे मोजले.

मला राहवेना. मी म्हणालो, "आबा, मी तुम्हांला ठेवून घेतले नसते, तर शुक्रवारी गहू कापून झाला असता. हे माझ्यामुळे झाले."

त्यांनी उत्तर न देता शेजारच्या शेताकडे बोट दाखविले. तेथे शुक्रवारी कापलेला गहू पेंढ्या बांधून पडला होता. भिजून, झोडपून त्याचाही चिखल झाला होता. "कापलेलाही गेला आणि उभाही गेला," ते म्हणाले. "खळ्यावर जायला आणखी चार दिवस लागले असते. तू आपल्या डोक्यावर घेऊ नकोस." हे त्यांनी खरोखर तसे वाटत होते म्हणून सांगितले, की केवळ मुलाचे मन हलके व्हावे म्हणून, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही.

थोड्या वेळाने ते स्वतःशीच हसले. पवित्र शास्त्रातील निर्गमाच्या पुस्तकात मिसर देशावर पडलेल्या गारांची कथा आहे. तेथे जवस व सातू यांचा नाश झाला, परंतु गहू मागास असल्यामुळे वाचला, असा बारकावा नोंदलेला आहे. मी ते वचन अनेकदा वाचले होते, पण त्यात शेतकऱ्याची नजर आहे हे मला कळले नव्हते. वडील म्हणाले, "मिसरचा गहू आळशी होता, म्हणून वाचला. आपला शहाण्यासारखा वेळेवर आला आणि सापडला!" एवढ्या हानीत ज्यास असे बोलता येते, त्याच्या श्रद्धेस व्याख्यानाची गरज नसते.

विद्यार्थ्यांनी येथे साहजिकच विचारावे, की उष्ण प्रदेशात हे बर्फ येते कोठून? हिम आणि गार यांत भेद आहे. अतिशय थंड हवेत पाण्याची वाफ परस्पर गोठून षट्कोनी स्फटिक बनतात. ते एकमेकांत गुंतून कापसासारखे हलके तरंगत खाली येतात. हे झाले हिम. गारेची घडण निराळी. तापलेल्या जमिनीवरील दमट हवा वेगाने वर चढते आणि प्रचंड उंचीचे ढग उभे राहतात. या ढगांतील वर जाणारा झोत इतका बळकट असतो, की पाण्याचे थेंब गोठणबिंदूच्या वरच्या थरांत फेकले जातात. गोठलेल्या कणावर अतिशीत पाणी साचत जाते, थरावर थर चढतात आणि झोतास भार पेलेनासा झाला म्हणजे गार कोसळते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आपली जमीन तापू लागलेली असते आणि वरच्या थरांत थंड हवा टिकून असते, म्हणून याच दिवसांत गारपिटीचा धोका अधिक. भूमध्य समुद्राकडून निघणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात हिमालयावर हिम पाडतात. त्यांचीच थंड हवा कधी दक्षिणेकडे उतरते आणि समुद्रावरून आलेल्या बाष्पाशी तिची गाठ पडते. म्हणजे मी थट्टेने काश्मीरचे नाव घेतले त्यात नकळत थोडे तथ्य होते!

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांत गारपीट झाली आणि लाखो हेक्टरांवरील पिके गेली. गारा जीवही घेतात. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तरेकडील मुरादाबाद येथे झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मृत्युमुखी पडली, अशी नोंद आहे.

असो. दोन दिवसांनी, मातोश्रीस घेऊन जाण्यासाठी, वडील माझ्याबरोबर धुळ्यास परतले. घरात शिरताच माझ्या ध्यानात आले, की कन्या त्यांच्यासमोर येत नाही. शोध घेता ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रडत बसलेली आढळली. तिने आबांना दाखविण्यासाठी चार मोठ्या गारा वाटीत घालून शीतपेटीत जपून ठेवल्या होत्या. मग आईकडून शेताची वार्ता कळली आणि ती वाटी तिला चोरीच्या मालासारखी वाटू लागली. तिने मला विचारले, "बाबा, आबांचा गहू मरत होता तेव्हा आम्ही हसलो. हे पाप झाले का?"

मी शिक्षक, रोज शेकडो प्रश्नांची उत्तरे देतो. या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. उत्तर वडिलांनी दिले. त्यांनी नातीस जवळ घेतले आणि म्हटले, "आण तुझी वाटी." मग सुरी मागवून, गार फडक्यात धरून, मोठ्या खटपटीने तिचे दोन तुकडे केले. आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वर्तुळे दिसत होती. एक दुधाळ, एक काचेसारखे स्वच्छ, पुन्हा एक दुधाळ. आजोबा आणि नात डोक्याला डोके लावून ती वर्तुळे मोजू लागली. चिरंजीवही येऊन बसले. मातोश्रीने आपला नवा डोळा जवळ आणून पाहिले आणि एक वर्तुळ सर्वांपेक्षा अधिक मोजले!

उरलेला तुकडा वडिलांनी तोंडात टाकला आणि सांगू लागले, "मी तुझ्याएवढा होतो तेव्हाही अशाच गारा पडल्या होत्या. मी टोपीत भरून आणल्या. माझे वडील गोठ्यात तोंड फिरवून उभे होते. मला वाटले, गाईला पाहत आहेत. फार वर्षांनी समजले. पण तेव्हा त्यांनी मला हसू दिले. म्हणून आज मी तुला सांगतो, हसलीस ते बरे केलेस. घरात कोणी तरी हसणारे पाहिजेच."

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकलो. एकच आभाळ ओसरीवरून निराळे दिसते आणि बांधावरून निराळे. ओसरीवरचा आनंद खोटा नसतो. पण ज्याने बांध पाहिलाच नाही, त्याचा आनंद अपुरा असतो. पूर्वी फी उशिरा भरणाऱ्या मुलास मी वर्गात उभे करून कारण विचारीत असे. त्या जूनमध्ये विचारले नाही. कोणाच्या मागे कोणते शेत आडवे झाले आहे, हे हजेरीपटावर लिहिलेले नसते.

त्या हंगामात वडिलांच्या घरी चार पोती काळवंडलेला गहू आला. विकण्याजोगा नव्हता, खाण्यापुरता झाला. पुढील वर्षी त्यांनी पुन्हा पेरला. आता ते गहू घरी आल्यावाचून धुळ्यास येत नाहीत आणि मीही आग्रह करीत नाही. मातोश्रीने त्या दिवशी गारांचे पाणी एका बाटलीत भरून ठेवले होते. ती बाटली आमच्या फडताळात अजून आहे. पाणी पुष्कळ कमी झाले आहे.

विद्यार्थीमित्रहो, कधी तुमच्या अंगणात गारा पडल्या तर त्या खुशाल वेचा आणि आईवडिलांनाही बाहेर बोलवा. मात्र त्यांच्या तळहातावर गार ठेवताना एकवार त्यांच्या तोंडाकडे पाहा. आणि बर्फ लागतो का, असे कोणी विचारले तर सांगा: हिम लागत नाही, गार लागते, आणि कधी कधी ती पडते एका ठिकाणी व लागते दुसऱ्याच ठिकाणी.